प्रवाळाचा सांगाडा आणि बदलते समुद्रजल : प्रकल्प नोंदी

४ जून

प्रकल्पाचा प्रश्न आज लेखी स्वरूपात निश्चित केला. समुद्राच्या पाण्याचा सामू (pH) उतरत गेला, म्हणजे पाणी आम्लतेकडे झुकत गेले, तर भित्ती (प्रवाळखडक) बांधणारे प्रवाळ सांगाडा कसा घडवतात, हा प्रश्न जुनाच आहे. परंतु 'वाढ मंदावते' एवढे उत्तर देऊन थांबले, की नेमके काय मंदावते हे झाकलेलेच राहते. फांदीची लांबी, सांगाड्याचे वस्तुमान आणि त्याची घनता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकाच दिशेने, एकाच प्रमाणात बदलतील असे गृहीत धरण्याला कोणताही आधार नाही. म्हणून एकाच तुकड्यावर तिन्ही मोजमापे घ्यायची, असे ठरले.

जाती दोन निवडल्या आहेत. स्टायलोफोरा पिस्टिलाटा ही फांद्यांची जात टाकीत चांगली रुजते आणि सांगाडा घडण्याच्या पेशीपातळीवरील अभ्यासांपैकी बरेचसे तिच्यावरच झालेले असल्याने ताडून पाहायला आधार मिळतो. दुसरी पोरायटीजची, भरीव गोट्यासारखी वाढणारी जात. तिची वाढ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर, म्हणजे अतिशय सावकाश, पण तिच्या सांगाड्यात वर्षांचे थर उमटतात आणि प्रत्यक्ष समुद्रातील दीर्घ नोंदींशी तुलना तिच्यामुळेच शक्य होते.

टाक्यांचे सामू ८.१, ७.९ आणि ७.७ असे ठेवायचे आहेत. औद्योगिक क्रांतीपूर्वी समुद्राच्या वरच्या थराचा सामू सुमारे ८.२ होता, आज तो ८.१ च्या आसपास आहे. आकड्यांत हा फरक किरकोळ वाटतो. मात्र सामूची मोजपट्टी लॉगॅरिथमीय असल्यामुळे ०.१ ची घट म्हणजे हायड्रोजन आयनांत सुमारे एक चतुर्थांश वाढ होते.

१२ जून

सामू उतरवायचा कसा, यावर आजचा बहुतेक वेळ गेला आणि तो जाणे योग्यच होते, कारण पुढच्या सर्व निष्कर्षांचा पाया हाच आहे. पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घातले तर सामू उतरतो, पण त्याबरोबर पाण्याची एकूण अल्कता, म्हणजे आम्ल पचवून घेण्याची क्षमता, हीही कमी होते. समुद्रात तसे होत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, त्यातून कार्बॉनिक आम्ल तयार होते, त्यातून सुटलेले हायड्रोजन आयन पाण्यातील कार्बोनेट आयनांशी जुळून बायकार्बोनेट होतात. एकूण विरघळलेला कार्बन वाढतो, कार्बोनेटचा वाटा घटतो, परंतु एकूण अल्कता जागची हलत नाही. प्रवाळाला मिळणारा कच्चा माल या दोन पद्धतींत वेगळा असतो. बायकार्बोनेट वाढले असेल तर प्रवाळाला कार्बनचा तुटवडा भासत नाही, त्याची अडचण दुसरीकडेच असते. हा भेद हरवू नये म्हणून आम्ही कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडण्याची पद्धत घेतली आहे. प्रत्येक टाकीत सामूचा संवेदक, त्यावर चालणारी वायूची झडप आणि जोरकस फेरपाणी, अशी मांडणी आहे.

वेगवेगळ्या प्रयोगांचे निष्कर्ष एका आलेखावर मांडताना ही पद्धत कोणती होती हे तपासले जावे, असे मला आग्रहाने वाटते.

२६ जून

काचेच्या इलेक्ट्रोडचे वाचन आठवड्याभरात सरकते, त्यामुळे त्याच्यावर केवळ झडपेचे नियंत्रण सोपवले आहे. नोंदीसाठीचा सामू मेटा-क्रेसॉल पर्पल या रंगद्रव्याच्या साहाय्याने, वर्णपटमापीवर दोन तरंगलांबींच्या शोषणाच्या गुणोत्तरातून काढायचा. इलेक्ट्रोडची तपासणी कृत्रिम समुद्रजलात बनवलेल्या ट्रिस बफरने, म्हणजे ज्ञात सामूच्या द्रावणाने, करायची. साध्या पाण्यातले नेहमीचे बफर समुद्रजलाच्या क्षारतेला लागू पडत नाहीत.

९ जुलै

तुकडे बसवून झाले. प्रत्येक तुकडा मूळ वसाहतीवरून कापून लहान तबकडीवर चिकटवला आणि एकेका वसाहतीचे तुकडे तिन्ही टाक्यांत वाटले, जेणेकरून वसाहतींमधील उपजत फरक सामूच्या नावावर जमा होऊ नये. कापलेल्या कडेवर ऊतक पुन्हा चढेपर्यंत सर्व तुकडे ८.१ मध्येच होते. त्यानंतर एक दिवस त्यांना ॲलिझरीन रेडच्या सौम्य द्रावणात ठेवले. हा रंग त्या काळात जमणाऱ्या खनिजात अडकतो आणि सांगाड्यात एक बारीक गुलाबी रेघ कायमची राहते. पुढे तुकडा कापला की त्या रेघेपासून टोकापर्यंतची लांबी ही प्रयोगातील वाढ.

वस्तुमानासाठी तुकडा पाण्यात लोंबकळत ठेवून तोलायचा. जिवंत ऊतकाची घनता समुद्रजलाच्या जवळपास असल्यामुळे त्याचे पाण्यातील वजन नगण्य असते आणि तराजूला जाणवतो तो प्रामुख्याने सांगाडा. ॲरागोनाइट, म्हणजे सांगाड्याचे कॅल्शियम कार्बोनेट खनिज, याची घनता दर घनसेंटीमीटरला सुमारे २.९३ ग्रॅम, त्यावरून पाण्यातील एक ग्रॅम म्हणजे हवेतील साधारण दीड ग्रॅम खनिज. पाण्याचे तापमान आणि क्षारता प्रत्येक वेळी टिपणे आवश्यक आहे, कारण पाण्याची घनता बदलली तर न वाढलेला तुकडाही वाढल्यासारखा दिसेल.

२३ जुलै

बंद भांड्यांत उजेडातील आणि अंधारातील चाचण्या घेतल्या. कॅल्शियम कार्बोनेटचा एक मोल साचताना पाण्याची अल्कता दोन मोलांनी घटते, म्हणून आधीच्या आणि नंतरच्या पाण्याचे अनुमापन करून आलेल्या फरकाचे निम्मे केले की साचलेले खनिज मिळते. प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन यांनी सामू बराच हलतो, पण अल्कता जवळजवळ हलत नाही, आणि याच गुणामुळे ही पद्धत विश्वासार्ह ठरते. पोषकद्रव्यांच्या देवघेवीमुळे थोडा फरक पडतो. त्यासाठी अमोनियम आणि नायट्रेट मोजून दुरुस्ती केली.

उजेडात सांगाडा अंधारापेक्षा झपाट्याने जमतो, हे सर्व टाक्यांत स्पष्ट आहे. थॉमस गोरो यांनी १९५९ मध्ये किरणोत्सारी कॅल्शियमच्या साहाय्याने हे दाखवले होते, आणि पुढच्या असंख्य मोजमापांत उजेडातील वेग अंधारातील वेगाच्या साधारण तिप्पट आढळला आहे. ऊतकातील सहजीवी शैवाल साखर आणि ऑक्सिजन पुरवते, त्यातून पेशींना ऊर्जा मिळते. शिवाय ते कार्बन डायऑक्साइड ओढून घेते. यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, यावर अजून मतभेद आहेत. मला मात्र या आकड्यातली दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते : अंधारातही काम थांबत नाही. रात्री प्रवाळाच्या आणि शैवालाच्या श्वसनामुळे ऊतकात कार्बन डायऑक्साइड साचतो, सामू उतरतो, आणि तरीही खनिज जमत राहते. त्याअर्थी हे काम पाण्याच्या कृपेवर चाललेले नाही.

१४ ऑगस्ट

सांगाडा समुद्राच्या पाण्यात घडत नाही, ही गोष्ट प्रकल्पाच्या केंद्रस्थानी ठेवण्यासाठी आज सविस्तर टिपण केले. पॉलिपच्या, म्हणजे वसाहतीतील एकेका लहान प्राण्याच्या, तळाशी सांगाडा घडवणाऱ्या कॅलिकोब्लास्ट पेशींचा एक अत्यंत पातळ थर असतो आणि तो थर व आधीचा सांगाडा यांच्यामध्ये द्रवाची एक फट असते. तिची जाडी नॅनोमीटरपासून काही मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. खनिज जमते ते या फटीत. पेशींच्या सांध्यांमधून समुद्रजल तेथे झिरपते, हे कॅल्सीनसारख्या चमकणाऱ्या रंगद्रव्याने दाखवता येते. परंतु एकदा आत आल्यावर त्याचे रसायन पेशी बदलतात.

बदल करणारे मुख्य यंत्र म्हणजे पेशीपटलातील कॅल्शियमचा पंप. तो ऊर्जा खर्चून एक कॅल्शियम आयन फटीत सोडतो आणि दोन प्रोटॉन (हायड्रोजन आयन) बाहेर काढतो. प्रोटॉन कमी झाले की सामू चढतो आणि सामू चढला की बायकार्बोनेटचे रूपांतर कार्बोनेटमध्ये होते. कार्बॉनिक ॲनहायड्रेज हे विकर कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट यांच्यातील अदलाबदल वेगाने घडवते. बायकार्बोनेटपासून कॅल्शियम कार्बोनेटचा प्रत्येक रेणू घडताना एक प्रोटॉन मोकळा होतो, त्यामुळे हा उपसा क्षणभरही थांबवून चालत नाही : बांधकामातूनच बांधकाम रोखणारा कचरा तयार होत असतो.

फटीतील सामू प्रत्यक्ष मोजला गेला आहे. सूक्ष्म इलेक्ट्रोडने, सामूनुसार रंग बदलणाऱ्या द्रव्याने जिवंत ऊतकात पाहून, आणि सांगाड्यातील बोरॉनच्या समस्थानिकांवरून, अशा तीन स्वतंत्र वाटांनी. बोरॉनची रीत विशेष उपयोगी आहे : द्रवाचा सामू जसा असेल तसा बोरेटमधील बोरॉन-११ चा हिस्सा ठरतो, ते बोरेट खनिजात बंद होते आणि शेकडो वर्षांपूर्वीच्या सांगाड्यातूनही ते वाचता येते. या पद्धतींचे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, इलेक्ट्रोडची वाचने बोरॉनपेक्षा बरीच वर जातात. पण फटीतील सामू बाहेरच्यापेक्षा चढा असतो यावर तिन्हींचे एकमत आहे.

यावरून एक साधे गणित मांडले. २५ अंश सेल्सिअस तापमान, सर्वसाधारण क्षारता आणि दर किलोग्रॅमला सुमारे २००० मायक्रोमोल विरघळलेला कार्बन धरला, तर ८.०५ सामूला त्यातील साधारण एक दशांश भाग कार्बोनेटच्या रूपात असतो. ॲरागोनाइटच्या दृष्टीने अशा पाण्याची संपृक्तता साडेतीनच्या आसपास येते. एकपेक्षा अधिक म्हणजे खनिज जमू शकते, कमी म्हणजे ते विरघळते. फटीतील सामू ८.५ धरला तर कार्बोनेटचा वाटा एक चतुर्थांशापर्यंत जातो आणि तेवढ्याच कार्बनवर संपृक्तता आठच्या घरात पोहोचते. प्रवाळ फटीतील कार्बनही वाढवतो, म्हणजे प्रत्यक्ष आकडा याहून मोठा.

आता बाहेरचा सामू ७.७ केला, तर बाहेरचे कार्बोनेट जवळपास निम्म्यावर येते. आतील सामू मात्र तितका पडत नाही. बऱ्याच जातींत आतील घट बाहेरच्या घटीच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी आढळते. उदाहरणादाखल तो ८.५ वरून ८.३५ झाला असे धरले, तर आतील कार्बोनेट सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते. बाहेर निम्मे गेले आणि आत चौथा हिस्सा गेला, या दोन आकड्यांतील अंतर म्हणजे प्रवाळाचा प्रतिकार, आणि त्याची किंमत ऊर्जेत मोजावी लागते. त्यामुळे उपाशी, विरंजन झालेला (शैवाल गमावून पांढरा पडलेला) किंवा गढूळ पाण्यात उजेडाला पारखा झालेला प्रवाळ आणि धडधाकट प्रवाळ यांना एकाच सामूचे पाणी सारखे जाचत नाही. संपृक्ततेचा एकच उंबरठा सर्वांना लावण्याबाबत मी म्हणूनच सावध आहे.

२० ऑगस्ट

स्टायलोफोराच्या सांगाड्याचा पातळ छेद घासून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. सांगाड्याच्या एकेका बारीक काट्याच्या मधोमध दाणेदार खनिजाचे ठिपके ओळीने आहेत. ही कॅल्सीभवनाची, म्हणजे खनिज जमू लागण्याची, केंद्रे. त्यांच्यापासून ॲरागोनाइटच्या सुया पंख्याप्रमाणे पसरलेल्या दिसतात आणि सुयांच्या जुडग्यांवर आडवे, एकमेकांना समांतर थर आहेत. टोकाकडे केवळ केंद्रांची माळ पुढे सरकलेली आहे, तिच्याभोवती सुया अजून भरायच्या आहेत. थोडे खाली आले की तोच काटा जाड झालेला आहे. आधी पुढे सरकायचे आणि मग मागे भरत यायचे, हा क्रम एका छेदात पूर्ण दिसतो. या छायाचित्राची प्रत मोजमापांच्या वहीत लावून ठेवली आहे, कारण लांबी आणि घनता यांतील फरक समजावून सांगायला याहून चांगला पुरावा नाही.

सांगाडा केवळ खनिजाचा नसतो, हेही येथे नोंदवणे आवश्यक आहे. त्यात प्रथिने आणि शर्करा यांचे अल्पसे जाळे असते. ताली मास आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लांनी समृद्ध अशी काही प्रवाळ प्रथिने वेगळी करून ती समुद्रजलात कॅल्शियम कार्बोनेट जमवू शकतात, हे दाखवले. सांगाड्याच्या वाढत्या पृष्ठभागावर प्रथम अस्फटिकी कॅल्शियम कार्बोनेटचे कण येतात आणि नंतर त्यांचे ॲरागोनाइट होते, असेही २०१७ मधील कामातून पुढे आले. प्रवाळाचा ताबा नुसत्या सामूवर नाही, खनिजाची जागा आणि रूप यांवरही आहे.

१७ सप्टेंबर

टाक्या स्थिर आहेत. ७.७ च्या टाकीत पहाटे सामू आणखी उतरतो, कारण रात्रभर श्वसन चालू असते. वायूची झडप त्या वेळी बंद असूनही हे घडते. फेरपाणी वाढवल्याने हा उतार कमी झाला. प्रत्यक्ष भित्तीवरही दिवसरात्रीचा असा चढउतार असतो, म्हणून तो पूर्णपणे काढून टाकायचा नाही, तिन्ही टाक्यांत सारखा ठेवायचा, असे ठरवले.

५ ऑक्टोबर

माओझ फाइन आणि डॅन चेर्नोव यांचा २००७ चा प्रयोग आज गटात चर्चेला घेतला. त्यांनी ऑक्युलिना पॅटागोनिका आणि मॅड्रॅसिस फॅरेन्सिस या जाती ७.३ ते ७.६ सामूच्या पाण्यात ठेवल्या. सांगाडा पूर्णपणे विरघळला, वसाहतीतील पॉलिप सुटे होऊन मऊ, समुद्रफुलासारखे झाले आणि वर्षभर जिवंत राहिले. त्यांचे सहजीवी शैवालही टिकले. नेहमीच्या पाण्यात परत आणल्यावर त्यांनी पुन्हा सांगाडा बांधला आणि वसाहती केल्या.

हा निष्कर्ष काही वेळा दिलासा म्हणून सांगितला जातो, आणि त्याला माझा ठाम विरोध आहे. प्राणी म्हणून प्रवाळ तगून राहू शकतो, हे त्यातून सिद्ध होते. भित्ती तगेल असे मुळीच नाही. भित्ती म्हणजे लाटा अडवणारा, माशांना कपारी देणारा, पिढ्यान्‌पिढ्या साचलेला सांगाडा. मऊ पॉलिप यांपैकी काहीही करू शकत नाही. शिवाय प्रयोगातील या दोन्ही जाती भूमध्य समुद्रातील होत्या. उष्ण कटिबंधातील भित्ती बांधणाऱ्या जातींना हे जसेच्या तसे लागू करता येणार नाही.

१२ नोव्हेंबर

पहिल्या फेरीतील निम्मे तुकडे काढून घेतले. ऊतक विरंजक द्रावणाने काढले, सांगाडा धुऊन वाळवला, कोरडे वजन घेतले. त्यानंतर प्रत्येक तुकड्यावर मेणाचा पातळ थर चढवून त्याचे बाह्य आकारमान काढले आणि त्यावरून पोकळ्यांसह घनता. ही घनता आणि ॲरागोनाइटची स्वतःची घनता यांत गल्लत करता कामा नये. कमी सामूच्या टाकीतही सुई ॲरागोनाइटचीच आहे आणि तिची घनता तीच. बदलतो तो भरीव भाग आणि पोकळ्या यांचा हिशेब.

स्टायलोफोरात ॲलिझरीनच्या रेघेपासून टोकापर्यंतची लांबी तिन्ही टाक्यांत जवळपास सारखी आहे, वसाहतींमधील नैसर्गिक फरकात ती झाकली जाते. कोरडे वजन मात्र ७.७ मध्ये कमी भरते आणि पोकळ्यांसह घनताही कमी आहे. छेद पाहिल्यावर कारण डोळ्यांना दिसते : टोक तितकेच पुढे गेले आहे, पण मागचे काटे बारीक राहिले आहेत आणि पॉलिप ज्यांत बसतात ते सांगाड्यातील पेले रुंद झाले आहेत. याच जातीवर इतरत्र झालेल्या दीर्घ प्रयोगांतही सांगाडा अधिक सच्छिद्र झाल्याचे आणि पेले मोठे झाल्याचे नोंदले गेले आहे. पोरायटीजमध्ये इतक्या कालावधीत लांबी फारशी वाढत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल आज निष्कर्ष नोंदवत नाही.

केवळ पट्टीने मोजले असते तर ७.७ च्या टाकीतील प्रवाळ सुस्थितीत आहे, असे लिहावे लागले असते.

२१ नोव्हेंबर

पोरायटीजच्या बाबतीत समुद्रातील नोंदी आधाराला घेतल्या. प्रवाळाच्या कापाचे क्ष-किरण चित्र काढले की दाट आणि विरळ पट्टे आळीपाळीने दिसतात. हे पट्टे वार्षिक असल्याचे १९७२ मध्ये प्रशांत महासागरातील एनिवेटोक बेटांवरील प्रवाळांवरून दाखवले गेले. तेथे अणुचाचण्यांमुळे सांगाड्यात राहिलेल्या किरणोत्सारी खुणांच्या ज्ञात तारखा पट्ट्यांच्या मोजणीशी जुळल्या. नेथन मोलिका आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये पोरायटीजची लांबीतील वाढ आणि घनता वेगळी करून पाहिली, तेव्हा पाण्यातील कार्बोनेटच्या घटीचा परिणाम लांबीवर ठळक दिसला नाही, घनतेवर दिसला. वर सरकणे आणि मागे भरणे या दोन टप्प्यांपैकी दुसरा टप्पा रसायनाला अधिक संवेदनशील आहे, हे त्यांचे स्पष्टीकरण ऑगस्टमधील आमच्या छेदाशी जुळते.

समुद्रात पाणी तापतेही आहे आणि उष्णतेने विरंजन होते, त्यामुळे क्षेत्रीय नोंदींतील घट एकट्या सामूच्या खात्यावर टाकता येत नाही. रिबेका ऑलब्राइट आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील वन ट्री आयलंडच्या भित्तीवर केलेले काम येथे मोलाचे आहे. २०१६ च्या शोधनिबंधात त्यांनी वाहत्या पाण्यात अल्क मिसळून रसायन औद्योगिक काळापूर्वीच्या जवळ नेले, तेव्हा भित्तीचे निव्वळ कॅल्सीभवन सुमारे ७ टक्क्यांनी वाढले. २०१८ च्या निबंधात कार्बन डायऑक्साइड मिसळल्यावर ते सुमारे ३४ टक्क्यांनी घटले. दोन्ही वेळा तापमानाला हात न लावता केवळ रसायन बदलले होते.

१० डिसेंबर

सच्छिद्र सांगाड्याचे पुढे काय होते, हा भाग आमच्या टाक्यांत तपासता येणार नाही, कारण तेथे लाटा नाहीत आणि पोखरणारे स्पंज व शिंपलेही नाहीत. तरीही अहवालात तो असायला हवा. कॅथरिना फॅब्रिशियस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पापुआ न्यू गिनीतील, समुद्रतळातून कार्बन डायऑक्साइड झिरपणाऱ्या भित्तींचे वर्णन केले. तेथे सामू उतरलेल्या पट्ट्यात प्रवाळांचे एकूण आच्छादन फारसे घटलेले नव्हते. पण फांद्यांच्या आणि गुंतागुंतीच्या रचनेच्या जाती कमी होऊन भरीव पोरायटीजचे प्राबल्य झाले होते आणि ७.७ च्या खाली भित्तीची घडणच थांबली होती. वरून पाहणाऱ्याला प्रवाळ दिसत राहतात, परंतु कपारी आणि आडोसे नाहीसे झालेले असतात. आच्छादनाची टक्केवारी हे मोजमाप लांबीइतकेच अपुरे आहे, असे अहवालाच्या मसुद्यात स्पष्टपणे लिहिले आहे.

भित्तीचा हिशेब जमा आणि झीज असा दुहेरी असतो. जिवंत ऊतकाखालचा सांगाडा पेशींच्या संरक्षणात असतो. ऊतक नसलेला जुना सांगाडा आणि त्याच्या चुऱ्याची वाळू यांना फटीतील उपशाचे कवच नसते. बाहेरच्या रसायनाचा घाव त्यांच्यावर थेट बसतो आणि विरळ सांगाडा पोखरायलाही सोपा जातो.

१९ डिसेंबर

उरलेल्या तुकड्यांपैकी काही ७.७ मधून टप्प्याटप्प्याने ८.१ मध्ये हलवायला सुरुवात केली आहे. हलवण्यापूर्वी त्यांना पुन्हा ॲलिझरीनमध्ये ठेवले, त्यामुळे सांगाड्यात दोन रेघा असतील : पहिल्या रेघेपासून दुसरीपर्यंतचे खनिज कमी सामूतील, त्यापुढचे पूर्ववत पाण्यातील. विरळ राहिलेले काटे नंतर भरून निघतात, की ऊतक वर सरकून गेल्यावर त्या पोकळ्या तशाच राहतात, हे यातून कळेल. माझा अंदाज दुसऱ्या शक्यतेकडे झुकतो, कारण ऊतकाचा थर जिथपर्यंत पोहोचतो तिथपर्यंतच भरणी होऊ शकते. छेद घासण्यासाठी मार्चची वेळ राखून ठेवली असून पोरायटीजचे तुकडे तोपर्यंत हलवायचे नाहीत.